घाम नसेल तर चाळीस मिनिटे

जबाब

दिनांक: ३ सप्टेंबर २०२५, बुधवार. वेळ: सकाळी ११ वाजून २० मिनिटे.
ठिकाण: पोलीस ठाणे, धार.
नाव: श्रीमती बकुळा बळवंतराव जगदाळे. वय: ६३ वर्षे.
व्यवसाय: सेवानिवृत्त, सरकारी कचेरीत नक्कल शाखेत नोकरी, ३१ वर्षे.
राहणार: तलावाच्या पाळीजवळची गल्ली, धार.
लिहून घेणार: महिला हेड कॉन्स्टेबल चारुलता निंबाळकर.

मी समक्ष हजर होऊन सांगते की, वरील नाव, वय व पत्ता माझाच आहे. नावामागे 'श्रीमती' लिहिले आहे ते बरोबर आहे. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत 'सौ.' होते. इथे जबाब हिंदीत घेण्याचा रिवाज आहे हे मला ठाऊक आहे. पण २० ऑगस्टला मी हिंदीतल्या ज्या अर्जावर सही केली तो दुसऱ्याने लिहिला होता, म्हणून या वेळी मी माझ्या भाषेत बोलणार असे सांगितले. निंबाळकर मॅडम देवासच्या मराठी घरातल्या आहेत. त्यांनी ठाणेदार साहेबांना विचारून मराठीत लिहून घेण्याचे कबूल केले. हिंदी नक्कल मागाहून होईल. त्यांनी वर 'जवाब' लिहिले होते, ते मी 'जबाब' करायला लावले. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

मी सांगते की, मयत बळवंतराव जगदाळे, वय ६८, हे माझे यजमान. जन्मात नाव घेतले नाही, इथे कागदासाठी घेते आहे. ते शाळेत व्यायाम शिक्षक होते. अर्धे धार त्यांना 'सर' म्हणते. आम्हाला एक मुलगा, रणवीर. तो देवासला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो आणि आठवड्यातून एकदा घरी येतो. त्याचे लग्न डिसेंबर २०२३ मध्ये झाले. सून नीतू, वय २६. ती मनावराकडची, निमाडी घरातली. लग्न रणवीरने स्वतः ठरवले. मला ते पसंत नव्हते आणि मी ते लपवले नाही. तिच्याशी आम्ही घरात हिंदीत बोलतो. रणवीर आणि ती आपसात हिंदीतच बोलतात. मराठी तिला तोडकीमोडकी समजते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये यजमानांना हृदयविकाराचा झटका आला. इंदूरला नेऊन स्टेंट टाकला. हृदय पस्तीस टक्केच काम करते आहे असे सांगितले. डॉक्टरांचे बोलणे मी तिथेच वहीत उतरवून घेतले, ती वही आज सोबत आणली आहे. त्यांचे शब्द असे: "रोज़ टहलना है, पर पसीना छूटे तो समझ लेना दिल पर ज़ोर पड़ रहा है। वहीं बैठ जाना। उमस में तो और जल्दी छूटेगा, उस दिन ज़िद मत करना।" यजमान म्हणाले, "डॉक्टर साहब, चालीस साल बच्चों का पसीना निकाला है, अब मेरी बारी आ गई।" डॉक्टर हसले. ह्यांना कुठेही माणसे हसवायची खोड होती.

मे महिन्यापर्यंत त्यांच्याबरोबर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फिरायला मीच जात असे. मेअखेर माझा गुडघा धरला. जूनपासून नीतू जाऊ लागली. तिने आपणहून विचारले, "मम्मीजी, मैं जाऊँ पापाजी के साथ?" त्यावर मी म्हटले, जा, पण लिहून देते त्याप्रमाणे झाले पाहिजे. मी एक चिठ्ठी लिहून फ्रिजवर चिकटवली. ती जप्त करून आपल्याकडे ठेवली आहे. मला दाखवली, ती तीच आहे आणि अक्षर माझेच आहे. तीत चार कलमे आहेत, ती अशी:

एक, गोळी घेतल्याशिवाय निघायचे नाही.
दोन, चढावर जायचे नाही.
तीन, घाम आला की तिथेच थांबायचे आणि घरी परतायचे.
चार, घाम नसेल तर चाळीस मिनिटे चालले तरी हरकत नाही.

चिठ्ठी हिंदीत का लिहिली नाही, असे विचारल्यावरून सांगते की, मला हिंदी उत्तम येते. एकतीस वर्षे मी हिंदी कागदांच्याच नकला केल्या. पण दीड वर्ष झाले तरी सुनेला मराठी येत नाही याचा मला राग होता. या घरात राहायचे तर मराठी यायला हवी, असे माझे मत होते. म्हणून मुद्दाम मराठीत लिहिले. त्या निमित्ताने शिकेल तरी, असे मी म्हणाले होते.

चिठ्ठी तिला समजली होती का, असे विचारल्यावरून सांगते की, आमच्या नक्कल शाखेत मिलान म्हणून एक काम असते. एक जण मूळ कागद मोठ्याने वाचतो, दुसरा नकलेवर बोट ठेवून चालतो. काना, मात्रा, अनुस्वार, सगळे तपासायचे. शेवटी दोघांच्या सह्या. माझी एकही नक्कल कधी परत आली नाही. मी नीतूकडून चिठ्ठीचे मिलान करून घेतले. लिपी एकच, त्यामुळे तिने चारही कलमे न अडखळता वाचली. मी शाबास म्हटले आणि खाली तिची सही घेतली. ती तिथे आहे. अर्थ मी विचारला नाही. मिलानात अर्थ विचारत नाहीत.

जून आणि जुलैमध्ये काही अडचण आली नाही. ऊन निघाले की ती त्यांना घेऊन परत येत असे. कधी वीस मिनिटांत, कधी पंधरा. यजमान कुरकुरत, "पोरगी आहे की हवालदार?" मला वाटे, घाम आलेला बरोबर ओळखते. शेजारणीजवळ मी तिचे कौतुकही केले होते, तिच्यासमोर कधी केले नाही.

घटनेच्या दिवसाबद्दल सांगते की, तो दिनांक १९ ऑगस्ट, मंगळवार. चार दिवस पाऊस थांबला होता, पण आभाळ उघडले नव्हते. हवा हलत नव्हती, उमस म्हणतात तसा दमट उकाडा होता. रात्री धुतलेले कपडे सकाळी तसेच ओले होते. सहा वाजता चहा ठेवताना माझी चोळी पाठीला चिकटली होती. त्या दिवशी नीतूची दुसऱ्या वर्षाची मंगळागौर होती. तिचा उपास होता. मी तिला म्हटले, आज लवकर या, पत्री निवडायची आहे. यजमानांनी गोळी घेतली. दोघे सहा वाजून दहा मिनिटांनी घराबाहेर पडले. यजमानांच्या अंगात पांढरा शर्ट होता.

मी देवघरात पत्री निवडत बसले. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला होता. सात वाजून पाच मिनिटांनी गल्लीतला एक रिक्षावाला दारात आला. तो यजमानांचा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "आई, सर पाळीवर पडले. तिथल्या भिया लोकांनी दवाखान्यात नेलं, तुम्ही चला." मी तशीच गेले, हाताला बेलाची पाने चिकटलेली होती. दवाखान्यात सात वाजून पंचवीस मिनिटांनी डॉक्टरांनी ते मरण पावल्याचे सांगितले. नीतू बाकावर बसली होती. तिच्या हातात त्यांचे बूट होते. शर्ट मला नंतर दिला. तो पिळला असता तर पाणी निघाले असते. मी तिला काय बोलले ते सांगते. मी म्हटले, "इतका घाम तुला दिसला नाही? डोळे फुटले होते का तुझे?" तिने मान हलवली आणि म्हणाली, "नहीं मम्मीजी, घाम नहीं था।" मी तिच्या थोबाडीत मारली. हे तिने आपल्या कथनात सांगितले नसेल तर माझ्याकडून लिहून घ्यावे.

२० ऑगस्टच्या अर्जाबद्दल सांगते की, तो माझे धाकटे दीर उदाजीराव जगदाळे, राहणार राजगढ, यांनी लिहवून आणला. त्यात असे आहे की, सुनेने आजारी सासऱ्यास लेखी सूचना धुडकावून उमसच्या हवेत चालविले, स्वतः मोबाईलवर बोलत राहिली, आणि विचारले असता घाम नव्हता असे धडधडीत खोटे बोलली. भावजी म्हणाले, "वहिनी, पुरावा हातात आहे. तिची सही आहे. शर्ट आहे. सोडायची नाही." मी वाचून सही केली. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. तिसऱ्या दिवशी भावजींनी नीतूला माहेरी पाठवायला सांगितले. दहाव्याला, तेराव्याला ती नव्हती. गाडी रणवीरनेच चालवली. जाताना त्याने माझ्याकडे दोनदा पाहिले.

आज मी इथे आले ती तोच अर्ज पक्का करायला आले. भावजी बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना वाटते मी तेच सांगते आहे.

निंबाळकर मॅडमनी मला नीतूचे २४ ऑगस्टचे कथन वाचून दाखवले. त्यातला मजकूर मी पुन्हा सांगते, कारण तो माझ्या जबाबात यायला हवा. ती म्हणते: "पसीना तो पापाजी को पहले चक्कर से ही बहुत आ रहा था। शर्ट पूरा भीग गया था। मैंने दो बार कहा, पापाजी बैठ जाओ। उन्होंने ऊपर हाथ करके कहा, पर्ची में क्या लिखा है? घाम है क्या कहीं? और हँसने लगे। घाम सच में नहीं था, बादल थे। पर्ची में घाम नहीं हो तो चालीस मिनट लिखा था। मैंने पाल पर पहुँचकर मोबाइल में चालीस मिनट का अलार्म लगाया था। अड़तीस मिनट पर वे गिरे। अलार्म रिक्शे में बजा, मुझसे बंद नहीं हो रहा था।"

(इथे साक्षीदाराने पाणी मागितले. जबाब दहा मिनिटे थांबविला. ११ वाजून ५८ मिनिटांनी पुन्हा सुरू केला.)

पुढे सांगते की, मला रडू आले म्हणून जबाब थांबवला असे लिहू नये. मला राग आला होता. कुणाचा, असे विचारल्यावरून सांगते की, आधी यजमानांचा. मग माझा.

हा मुद्दा नीट लिहून घ्यावा. आपल्या मराठीत घाम म्हणजे अंगातून निघतो तो, हिंदीत ज्याला पसीना म्हणतात. नीतूच्या माहेरी, निमाडीत, घाम म्हणजे ऊन. तिने माझी चिठ्ठी अशी वाचली: ऊन निघाले की थांबायचे, ऊन नसेल तर चाळीस मिनिटे चालले तरी हरकत नाही. दोन महिने तिने तेच केले. ऊन निघे तेव्हा त्यांना घामही येत असे, म्हणून दोन्ही अर्थ जुळत राहिले. १९ तारखेला ऊन नव्हते आणि घाम होता. तिने चिठ्ठी धुडकावली नाही. चिठ्ठी अक्षरशः पाळली.

तिच्या बोलीत घाम म्हणजे ऊन, हे आपल्याला आज कळले का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही.

मला हे जानेवारी २०२४ पासून माहीत होते. लग्नाला महिना झाला होता. थंडी होती. नीतू गच्चीवरून खाली आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मम्मीजी, घाम निकल आया, पापाजी को ऊपर बैठा दूँ?" यजमान म्हणाले, "अगं, घाम निघाला तर पूस की!" आम्ही पोट धरून हसलो. रणवीर हसला, मी हसले, भावजी आले होते, तेही हसले. तीही हसली. आम्ही का हसलो ते तिला कुणी सांगितले नाही. पुढे घरात ती गंमतच होऊन बसली. ऊन पडले की यजमान म्हणायचे, "चला, नीतूचा घाम निघाला." ऊन गेले की म्हणायचे, "नीतूचा घाम गेला." तिला वाटत असणार, आपला शब्द या घराने घेतला. दीड वर्ष ते चालले. हे सगळे कानाने ऐकून मी जूनमध्ये चिठ्ठीत 'घाम' लिहिले. डॉक्टर 'पसीना' म्हणाले होते. वहीत मी 'पसीना' असेच उतरवले आहे. तोच शब्द चिठ्ठीत ठेवला असता तरी चालले असते.

उमस हा शब्द चिठ्ठीत का नाही, असे विचारल्यावरून सांगते की, घाम लिहिले की त्यात उमस आलीच, असे मला वाटले. कागद आटोपशीर असावा अशी मला सवय आहे.

यजमानांना अर्थ ठाऊक होता का, असे विचारल्यावरून सांगते की, होता. मराठीत जन्मलेला माणूस. शर्ट भिजतो आहे हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पाळीवर माणसे 'सर, सर' करतात, तिथे बसून घ्यायचे त्यांच्या जिवावर येत असे. माझ्याबरोबर असते तर मी दंड धरून बसवले असते. पोरीला शब्दात अडकवून त्यांनी दोन फेऱ्या जास्त मिळवल्या. त्यांना ती गंमत वाटली. ती त्यांची शेवटची गंमत, आणि ती ऐकायला मी तिथे नव्हते. मेल्या माणसाबद्दल असे बोलू नये, असे मॅडम म्हणाल्या. माझा नवरा आहे, मी बोलणार.

मोबाईलबद्दल सांगते की, अर्जात लिहिले आहे की ती फोनवर बोलत होती. पाळीवरच्या कुणीतरी भावजींना तसे सांगितले. ती फोन कानाला लावून उभी होती हे खरे आहे. तो फोन मला होता. माझ्या मोबाईलवर तिचे दोन मिस्ड कॉल आहेत, एक सहा चव्वेचाळीसचा आणि एक सहा पन्नासचा. मी देवघरात होते. पूजेच्या वेळी मी फोन घेत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, तिलाही. तरी तिने दोनदा लावला. ते कॉल मी त्याच दिवशी दुपारी पाहिले. भावजींना सांगितले नाही. रणवीरला सांगितले नाही. २० तारखेला अर्जावर सही करताना मला ते माहीत होते. मोबाईल समोर ठेवला आहे, पाहून घ्यावे.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, एक गोष्ट राहिली. ती सांगितल्याशिवाय मी सही करणार नाही.

१९ तारखेला सहा वाजून दहा मिनिटांनी ते दोघे बाहेर पडले, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी होते. यजमानांनी फाटकाशी थांबून आभाळाकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "आज नीतूचा घाम नाही. आज पूर्ण चाळीस!" ते मला ऐकू जावे म्हणूनच म्हणाले. नीतूने माझ्याकडे पाहिले. विचारल्यासारखे पाहिले. मला हसू आले. मी म्हटले, "बरं, पण चाळिसाचे एक्केचाळीस करू नका." ती मान हलवून निघाली. माझ्या घामाने भिजलेल्या हातात तेव्हा चहाची गाळणी होती. तो शब्द, ती चिठ्ठी, ती हवा, तिन्ही माझ्यासमोर होते, आणि मी गमतीला गंमत जोडली. खिडकीपासून वळून चहा प्यायले.

सबब माझे म्हणणे असे की, २० ऑगस्टचा अर्ज मी मागे घेते. त्यातली सही माझी आहे, मजकूर खरा नाही. नीतू खोटे बोलली नाही. दवाखान्यात सुद्धा नाही. 'घाम नहीं था' हे तिचे वाक्य खरे होते आणि त्यावर मी तिला मारले. तिच्यावर कुठलेही कलम लागू नये. माझ्यावर लागत असेल तर लावावे, मला त्याबद्दल काही म्हणायचे नाही. हा जबाब मी कुणाच्या दबावाखाली दिलेला नाही. दबाव बाहेर बाकावर बसला आहे, त्यांना मी जाताना सांगेन.

माझ्या विनंत्या दोन आहेत. हिंदी नक्कल करताना 'घाम' हा शब्द बदलू नये, आहे तसा ठेवून शेजारी दोन्ही अर्थ लिहावेत. आणि हा जबाब नीतूला कळवताना नुसता वाचून दाखवू नये. ती सगळे न अडखळता वाचते. तिला तिच्या बोलीत समजावून सांगावा आणि काय समजले ते तिच्या तोंडून ऐकावे. ते मी केले नाही. शक्य असेल तर हे सांगायला मला मनावरला नेण्यात यावे, नाहीतर मी बसने जाईन.

वरील जबाब निंबाळकर मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखविला, मी ओळीवर बोट ठेवून ऐकला. अक्षर न् अक्षर मी सांगितले तसे आहे. मग मी त्यांना 'घाम' म्हणजे काय ते विचारले, त्यांनी दोन्ही अर्थ सांगितले, त्यानंतर सही करीत आहे.

(सही) बकुळा बळवंतराव जगदाळे

समक्ष लिहिला: (सही) चारुलता निंबाळकर, महिला हेड कॉन्स्टेबल
वेळ: दुपारी १२ वाजून ४० मिनिटे